प्रस्तावना : पाच आकडे एकत्र वाचायला शिकू या

चाळिशीतल्या एका माणसाचा तपासणी अहवाल समोर ठेवू. उंची १६८ सेंटिमीटर, वजन ६४ किलो. रक्तदाब १३४/८६. उपाशीपोटीची साखर १०८. ट्रायग्लिसराइड १९०. एचडीएल, म्हणजे ज्याला लोक ‘चांगलं कोलेस्टेरॉल’ म्हणतात ते, ३७. पोटाचा घेर अहवालात नाही, कारण तो कुणी मोजलेलाच नाही. टेप लावली असती तर ९४ सेंटिमीटर भरला असता.

आता या अहवालाचं पुढे काय होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. प्रेशर जरासं वाढलंय, लोणचं-पापड कमी करा. साखर बॉर्डरलाइन आहे, गोड बेताने खा. ट्रायग्लिसराइड थोडे जास्त आहेत, तेलकट टाळा आणि सहा महिन्यांनी पुन्हा तपासा. घरी आई म्हणते, याच्या अंगावर मांस तरी कुठे आहे? अहवाल कपाटातल्या फायलीत जातो आणि सहा महिन्यांची तीन वर्षं होतात. त्या पाच आकड्यांपैकी एकही सुटा घेतला तर घाबरावं असा नाही, म्हणून कुणी घाबरत नाही. पण हे पाचही आकडे एकाच शरीरातून, एकाच वेळी आलेले आहेत. ते एकत्र वाचले तर त्यांतून एकच निदान निघतं. त्याला वैद्यकशास्त्र मेटॅबॉलिक सिंड्रोम म्हणतं, आणि हे पुस्तक त्याविषयी आहे.

निदानाचा नियम सोपा आहे. १९९८मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने, २००१मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञ समितीने आणि २००५मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने आपापल्या व्याख्या केल्या होत्या. २००९मध्ये महासंघ, अमेरिकन हार्ट असोसिएशन आणि इतर काही संस्थांनी एकत्र बसून एकच व्याख्या ठरवली. पोटाचा घेर भारतीय पुरुषांत ९० सेंटिमीटर किंवा जास्त, स्त्रियांत ८० किंवा जास्त. ट्रायग्लिसराइड १५० किंवा जास्त. एचडीएल पुरुषांत ४०च्या खाली, स्त्रियांत ५०च्या खाली. रक्तदाबाचा वरचा आकडा १३० किंवा खालचा ८५, किंवा त्याहून जास्त. उपाशीपोटीची साखर १०० किंवा जास्त. या पाचांपैकी कोणतेही तीन निकष जुळले की मेटॅबॉलिक सिंड्रोम आहे असं समजायचं. रक्तदाबाची किंवा साखरेची गोळी चालू असेल तर आकडा आटोक्यात असला तरी तो निकष जुळलेलाच धरायचा. आपल्या त्या ‘अंगावर मांस नसलेल्या’ माणसाचे पाचही जुळतात.

यातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित निकष पोटाच्या घेराचा. त्याला रक्त काढावं लागत नाही, शिंप्याकडची टेप पुरते. मात्र ती नीट लावली पाहिजे. सरळ उभं राहायचं. कुशीत बोटाने चाचपून सर्वांत खालची बरगडी शोधायची, मग कमरेच्या हाडाचा वरचा काठ शोधायचा आणि या दोहोंच्या मधोमध, उघड्या अंगावर, जमिनीला समांतर टेप फिरवायची. पोट आत ओढायचं नाही. श्वास सहज सोडून झाला की आकडा वाचायचा. पँटचा नंबर सांगून चालत नाही, कारण पोट सुटलेला पुरुष पँट पोटाच्या खाली बांधतो आणि वीस वर्षं तोच नंबर सांगत राहतो. परकराच्या नाडीचंही तेच. दवाखान्यात टेप हातात घेतली की अनेक जण पहिल्यांदाच स्वतःच्या पोटाचा खरा आकडा ऐकतात.

हे पाच धागे एकत्र गुंफलेले आहेत हे कळायला वैद्यकशास्त्राला बराच काळ लागला. स्वीडनच्या किलिन यांनी १९२३मध्येच नोंदवलं होतं की वाढलेला रक्तदाब, वाढलेली साखर आणि वाढलेलं युरिक ॲसिड हे पुष्कळदा एकाच रुग्णात सापडतात. १९३६मध्ये लंडनच्या हॅरॉल्ड हिम्सवर्थ यांनी दाखवलं की सर्व मधुमेही सारखे नसतात. काहींचं शरीर इन्सुलिनला लगेच प्रतिसाद देतं, तर काहींचं दाद देत नाही. १९४७मध्ये मार्सेयचे झाँ वाग यांनी सांगितलं की चरबी किती आहे याच्याइतकंच ती कुठे आहे हेही महत्त्वाचं. मांड्या-नितंबांवरची चरबी फारसा उपद्रव देत नाही, पोटाच्या भागातली देते. ही निरीक्षणं वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या शाखांत विखुरलेली राहिली. १९८८मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचे जेराल्ड रीव्हन यांनी एका गाजलेल्या व्याख्यानात त्यांची सांगड घातली. इन्सुलिनला शरीराने दाद न देणं हे मूळ, आणि साखर, रक्तदाब, ट्रायग्लिसराइड, एचडीएल ही त्याची फळं, अशी त्यांची मांडणी होती. या समूहाला त्यांनी ‘सिंड्रोम एक्स’ म्हटलं. रीव्हन यांनी आपल्या यादीत लठ्ठपणा घातला नव्हता, ही गोष्ट आपल्याकडच्या वाचकाने लक्षात ठेवावी अशी आहे. वजन बेताचं असलेल्या माणसातही हे सगळं घडू शकतं, असं ते सांगत होते.

या संकल्पनेवर आक्षेपही घेतले गेले. २००५मध्ये अमेरिका आणि युरोपातल्या मधुमेहतज्ज्ञांच्या संघटनांनी विचारलं, की पाच घटकांना एक नाव दिल्याने त्या पाचांच्या बेरजेपेक्षा जास्त काही कळतं का? प्रत्येक घटकाचा उपचार तर वेगळाच करायचा आहे! आक्षेप वजनदार आहे आणि पुढे एका प्रकरणात त्याची सविस्तर चर्चा केली आहे. माझं मत मात्र स्पष्ट आहे. रक्तदाबासाठी एक डॉक्टर, साखरेसाठी दुसरा, सोनोग्राफीसाठी तिसरा आणि प्रत्येकाकडे ‘थोडंसं वाढलंय’ एवढंच ऐकून घरी परतणारा रुग्ण, हे चित्र जिथे रोजचं आहे, तिथे या सगळ्याला एक नाव असणं फार उपयोगाचं आहे. त्यामुळे रुग्णाला आणि डॉक्टरलाही एकच प्रश्न दिसू लागतो आणि तो वेळेवर दिसतो.

शरीरात नेमकं काय घडतं? आपण वरण-भात जेवलो की पिष्टाची साखर होऊन रक्तात येते. स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं. त्याच्या सांगण्यावरून स्नायू साखर आत घेतात, यकृत स्वतःची साखर तयार करणं थांबवतं आणि चरबीच्या पेशी आपली चरबी आत धरून ठेवतात. वर्षानुवर्षं गरजेपेक्षा जास्त खाणं आणि गरजेपेक्षा कमी हालचाल असं चालू राहिलं की जादा ऊर्जा चरबी होऊन त्वचेखाली साठू लागते. ती साठवणूक निरुपद्रवी असते, पण तिला मर्यादा असते. कणगी भरली की उरलेलं धान्य माजघरात, ओसरीवर, वाटेत जागा मिळेल तिथे रचावं लागतं, तसं इथे होतं. त्वचेखालची जागा संपली की चरबी आतड्यांभोवती, यकृतात, स्नायूंत जाऊन बसते. ही कणगी प्रत्येकाची सारख्या मापाची नसते; काहींची मुळातच लहान असते, आणि आपल्यातल्या पुष्कळांची तशी असते.

चरबी शिरलेले स्नायू आणि यकृत इन्सुलिनचं ऐकेनासे होतात. स्वादुपिंड मग जास्त इन्सुलिन सोडून काम भागवतं, आणि अनेक वर्षं ते भागतंही. या काळात साखर नॉर्मल दिसते, पण त्यासाठी किती इन्सुलिन खर्ची पडतंय हे नेहमीच्या तपासणीत दिसत नाही. दरम्यान चरबीने भरलेलं यकृत ट्रायग्लिसराइड रक्तात ढकलत राहतं, ते वाढले की एचडीएल उतरतं, मूत्रपिंडं मीठ धरून ठेवू लागतात आणि रक्तदाब चढतो. साखर वाढते ती स्वादुपिंड थकू लागल्यावर, म्हणजे बऱ्याच उशिरा. ‘माझी शुगर नॉर्मल आहे’ या वाक्यावर निर्धास्त राहणाऱ्याने हा क्रम समजून घ्यावा. साखर वाढलेली दिसते तेव्हा या गोष्टीचे बरेच अध्याय उलटून गेलेले असतात.

या विषयाचं एक फार महत्त्वाचं संशोधन आपल्या पुण्यात झालं आहे, आणि मराठी वाचकाला ते ठाऊक असायलाच हवं. २००४मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक छायाचित्र प्रसिद्ध झालं. त्यात पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे आहेत. उंचीच्या मानाने वजन सांगणारा बीएमआय दोघांचाही अगदी सारखा, २२.३. मात्र शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची निघाली ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. सारख्या वजनाच्या दोन शरीरांत इतकं अंतर! भारतीय शरीरात त्याच वजनात चरबी जास्त आणि स्नायू कमी असू शकतात, हे या एका चित्राने जगाला समजावलं.

याचं मूळ आईच्या पोटात असावं, असं याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं काम सांगतं. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनचे डेव्हिड बार्कर यांनी त्याआधी दाखवलं होतं की जन्मतः वजन कमी असलेल्यांना पुढे मधुमेह, रक्तदाब आणि हृदयविकार जास्त होतात. १९९३पासून पुण्याजवळच्या सहा गावांत मातांच्या पोषणाचा एक दीर्घ अभ्यास सुरू झाला. त्या गावांतल्या बाळांचं जन्माच्या वेळचं सरासरी वजन २.७ किलो होतं, तर साउथॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं उंचीला, डोक्याच्या घेराला, दंडाला, पोटाला, सगळ्या मापांत लहान भरली. त्यांच्या पाठीवरच्या त्वचेखालची चरबी मात्र जवळजवळ तितकीच होती. दिसायला किडकिडीत, आत चरबी राखून असलेलं बाळ! त्या मातांपैकी ज्या हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध जास्त घेत होत्या त्यांची बाळं मोठी होती. ज्या गरोदरपणात शेतातली आणि पाण्याची कष्टाची कामं जास्त करत होत्या त्यांची लहान होती. ज्या मातांमध्ये ब१२ जीवनसत्त्व कमी आणि फोलेट जास्त होतं, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षीच इन्सुलिनला दाद न देण्याची खूण दिसली.

म्हणजे चाळिशीतल्या माणसाच्या अहवालाची सुरुवात त्याच्या आईच्या ताटापासून होते. पोट भरेल एवढं नाही मिळालं, अंगमेहनत चुकली नाही, आणि त्यातून जन्मलेलं मूल पुढे शहरात खुर्चीवर बसून दिवसाला चार वेळा खाऊ लागलं. टंचाईसाठी तयार झालेल्या शरीराला सुबत्ता झेपली नाही. म्हणून या आजाराकडे आळशी किंवा खादाड माणसाचा आजार म्हणून बघणं मला अन्यायाचं वाटतं. पोट सुटलेल्या माणसाला हिणवून त्याचा घेर आजवर एका सेंटिमीटरनेही कमी झालेला नाही. मात्र जन्माने मिळालेला धोका म्हणजे विधिलिखित, असंही नाही. शरीर कसं घडलं हे आपल्या हातात नव्हतं. पुढचं बरंच काही आहे.

प्रश्न किती मोठा आहे हे २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीने सांगितलं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या या पाहणीत एक लाखाहून अधिक लोक तपासले गेले. त्यांतल्या ११.४ टक्क्यांना मधुमेह होता, १५.३ टक्के मधुमेहाच्या उंबरठ्यावर होते, ३५.५ टक्क्यांना उच्च रक्तदाब होता आणि ३९.५ टक्क्यांचं पोट मर्यादेबाहेर होतं. मधुमेहाचं सर्वाधिक प्रमाण, २६.४ टक्के, आपल्या शेजारच्या गोव्यात आढळलं. दर दहापैकी चार प्रौढांची टेप सांगते ते आणि दर दहापैकी एकाचं रक्त सांगतं ते, यांच्यामध्ये जे लोक आहेत, त्यांच्यासाठी मुख्यतः हे पुस्तक लिहिलं आहे. त्यांच्याकडे अजून वेळ आहे.

ही वेळ दवडली तर काय होतं? मधुमेहाचा धोका तर असतोच. हृदयविकाराचा धोका वाढतो, आणि आपल्याकडे तो लवकर येतो. ५२ देशांत झालेल्या एका अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका आला ते मध्यम वय ५३ होतं, तर इतरत्र जवळजवळ ५९. ही सहा वर्षं कुटुंबाच्या हिशेबात फार मोठी असतात. मुलांची शिक्षणं, घराचे हप्ते, मुलीचं लग्न, सगळं नेमकं त्यांतच येतं. यकृताचंही तसंच. सोनोग्राफीत ‘ग्रेड वन फॅटी लिव्हर’ लिहून आलं की अनेक जण म्हणतात, मी तर थेंबही घेत नाही. मद्याशिवायही यकृतात चरबी साठते, आणि ती या सिंड्रोमशी इतकी निगडित आहे की २०२३मध्ये तज्ज्ञांनी त्या आजाराचं नावच चयापचयाच्या बिघाडावरून ठेवलं. पुढे काहींमध्ये त्याचं रूपांतर यकृत निबर होण्यात होतं. तरुण मुलींची पाळी अनियमित करणारा पीसीओएस, झोपेत घोरता घोरता श्वास अडकणं, गरोदरपणातला मधुमेह, मूत्रपिंडांचं दुखणं, या सगळ्यांची मुळं याच जमिनीत गुंतलेली आहेत. पुढल्या प्रकरणांत एकेकाची तपशीलवार माहिती दिली आहे.

आणि आता ज्यासाठी हे सगळं सांगायचं ते. ही वाट परत फिरता येण्यासारखी आहे, आणि याला भक्कम पुरावा आहे. २००२मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांना दोन उद्दिष्टं दिली होती. वजन सात टक्क्यांनी कमी करायचं आणि आठवड्याला दीडशे मिनिटं चालण्यासारखा व्यायाम करायचा. सुमारे तीन वर्षांत मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. मेटफॉर्मिनच्या गोळीने ते ३१ टक्क्यांनी घटलं होतं. चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन यांनी भारतीयांवर असाच अभ्यास केला आणि २००६मध्ये त्याचे निष्कर्ष मांडले. आहार आणि व्यायामाने प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटलं. आपल्या शरीरात फायदा तुलनेने कमी दिसला तरी तो गोळीपेक्षा उणा नव्हता. ब्रिटनमधल्या एका अभ्यासात तर मधुमेह होऊन सहा वर्षांच्या आतल्या रुग्णांनी देखरेखीखाली वजन उतरवलं, तेव्हा वर्षभराने त्यांतले ४६ टक्के लोक औषधाविना मधुमेहमुक्त पातळीवर आले होते. आपल्या ६४ किलोच्या माणसासाठी सात टक्के म्हणजे साडेचार किलो. डोंगर उचलायचा नाहीये.

आहाराचं प्रकरण लिहिताना मी मराठी घराचं ताट समोर ठेवलं आहे. आपल्या जेवणात पोळी, भात, बटाटा, पोहे, साबुदाणा अशी पिष्टाची गर्दी असते आणि डाळ-उसळ वाटीच्या तळाशी असते. हे प्रमाण उलटं करणं हा पहिला बदल. एकादशीची साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी आणि वेफर्स मिळून उपासाच्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त पिष्ट पोटात जातं, हेही सांगायला हवं. दिवसाचे चार कप चहा आणि प्रत्येकात दोन चमचे साखर म्हणजे ४० ग्रॅम साखर होते. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर दिवसभरात ५० ग्रॅमच्या आत आणि शक्यतो २५ ग्रॅमच्या आत ठेवा असं सांगते. मीठ पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चमचाभर, आणि त्यात लोणचं, पापड, फरसाण, चटणी सगळं आलं. व्यायामाच्या प्रकरणात चालण्याइतकाच भर स्नायूंना ताकद देणाऱ्या व्यायामावर दिला आहे, कारण जेवणानंतरची साखर सर्वांत जास्त स्नायूच उचलतात आणि आपल्याकडे तेच कमी आहेत.

एक प्रकरण घरातल्या बाईसाठी वेगळं लिहिलं आहे. ती शेवटी जेवते, उरलेलं टाकवत नाही म्हणून संपवते, आणि दिवसभर उभी असूनही तिला चालायला अर्धा तास मिळत नाही. नवऱ्याचे अहवाल फायलीत क्रमाने लावणाऱ्या बाईचा स्वतःचा एकही अहवाल घरात नसतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. स्त्रियांसाठी घेराची मर्यादा ८० आहे. ती ओलांडली आहे का हे घरातल्यांनी तिला विचारलं पाहिजे, आणि तिच्या अर्ध्या तासाची सोय घराने मिळून केली पाहिजे.

दोन गोष्टी बजावून सांगतो. हे पुस्तक वाचून चालू असलेली कुठलीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. वजन उतरलं, आकडे सुधारले तर डोस कमी करायचा की नाही हे तुमचे डॉक्टर ठरवतील. आणि मधुमेह मुळापासून घालवण्याची हमी देणाऱ्या काढ्यांच्या, पावडरींच्या, चाळीस दिवसांच्या जाहिरातींना भुलू नका. जे खरंच उपयोगी पडतं ते सावकाश पडतं, आणि त्याला पैसे थोडेच लागतात.

वाचकहो, पहिलं प्रकरण उघडण्याआधी एवढं करा. घरातल्या तिशीपुढच्या प्रत्येकाचा पोटाचा घेर मोजा आणि लिहून ठेवा. कपाटातले जुने अहवाल काढा आणि वर दिलेले निकष त्यांना लावून पाहा. तीन जुळले तर सगळे कागद एकत्र घेऊन एकाच डॉक्टरांकडे जा आणि ‘हे सगळं मिळून काय सांगतंय?’ असं विचारा. आणि घरात कुणी गरोदर असेल, तर तिच्या ताटात पालेभाजी, डाळ, फळ आणि दूध रोज पडेल आणि जड कामाचा भार तिच्यावरून उतरेल, एवढं याच आठवड्यापासून पाहा.